कुमारावस्था, कर्जत–खालापूर परिसरातील

कुमारावस्था म्हणजे बाल्य आणि प्रौढत्व यांच्या दरम्यानचा, साधारणपणे १० ते १९ वर्षे वयाचा कालखंड. जागतिक आरोग्य संघटनेने हीच वयोमर्यादा मानली आहे. या काळात पोष ग्रंथी व जनन ग्रंथी यांच्या हॉर्मोनांमुळे उंची झपाट्याने वाढते, मुलींमध्ये ऋतुप्राप्ती होते व मुलांचा आवाज फुटतो. मेंदूची घडणही या काळात नव्याने होत असते. भावना व उत्तेजना यांच्याशी संबंधित केंद्रे लवकर पक्व होतात. परिणामांचा विचार, संयम व नियोजन यांच्याशी निगडित असलेला ललाटखंडाचा पुढील भाग मात्र विशीनंतरही काही वर्षे विकसित होत राहतो, असे चुंबकीय प्रतिमादर्शनाच्या साहाय्याने १९९० नंतर झालेल्या संशोधनातून दिसून आले. ही शारीरिक बाजू सर्व मानवसमाजांत जवळजवळ सारखीच आहे. या वाढीला समाजाने किती वर्षांचा अवकाश दिला, त्या अवकाशात मुलांकडून काय अपेक्षिले आणि त्यांचे कसे संगोपन केले, या गोष्टी मात्र देशकालपरत्वे बदलतात. त्या अर्थाने कुमारावस्थेला इतिहास आहे. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात त्या इतिहासाचा परामर्श येथे घेतला आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रॅनव्हिल स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विखंडात्मक ग्रंथात या वयाचे वर्णन वादळाचा व ताणतणावाचा काळ असे केले. मार्गारेट मीड यांनी १९२८ मध्ये सामोआ बेटांवरील मुलींच्या अभ्यासावरून त्याचा प्रतिवाद केला. हे वादळ शरीरधर्मातून उद्भवत नसून संस्कृतीतून उद्भवते, असे त्यांचे म्हणणे होते. मीड यांच्या क्षेत्राभ्यासावर डेरेक फ्रीमन यांनी १९८३ मध्ये कठोर टीका केली. या वादाचा निर्णायक निकाल लागलेला नाही. तथापि त्यातून पुढे आलेला प्रश्न महत्त्वाचा आहे : ज्या समाजात दहाव्या वर्षी काम व पंधराव्या वर्षी संसार सुरू होतो, तेथे कुमारावस्था अशी वेगळी अवस्था असते काय? सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या दोन तालुक्यांत त्याचे उत्तर एका दिवसाच्या पायपिटीच्या अंतरात दोन प्रकारे मिळते.

प्रदेश व समाज : उल्हास नदीचे खोरे कर्जत तालुक्यात, तर पाताळगंगेचे खोरे खालापूर तालुक्यात येते. माथेरानचा डोंगर, भोर घाट व सह्याद्रीची मुख्य रांग यांच्यामधील हा पट्टा भातशेतीचा, वरकस जमिनीचा व जंगलाचा आहे. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्यानंतर तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि १ जानेवारी १९८१ रोजी कुलाब्याचे नाव रायगड झाले. सपाटीवरील गावांत कुणबी, आगरी, मराठा, महार (पुढे बहुतांशी बौद्ध) इ. समाज, तर डोंगरउतारावरील वाड्यांत ठाकर, कातकरी व महादेव कोळी यांची वस्ती आहे. लोहमार्ग येथे फार लवकर पोचला. पळसदरीवरून खोपोलीपर्यंतची गाडी १८५६ मध्ये, घाटावर चढणारा मार्ग १८६३ मध्ये, तर नेरळ–माथेरान ही डोंगरी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. खोपोलीचे टाटा जलविद्युत्‌केंद्र १९१५ मध्ये कार्यान्वित झाले. मुंबईची वीज या भागातून गेली, तरी ज्या वाड्यांवरून तिच्या तारा गेल्या त्यांपैकी कित्येकांत दिवा लागायला पुढे कित्येक दशके जावी लागली.

जुनी रीत : मराठीत या वयासाठी शब्द कमी नाहीत. मुलगा ‘पोरसवदा’ असतो, त्याला ‘मिसरूड फुटते’. मुलीला ‘पदर येतो’, ती ‘न्हाण येऊन शहाणी होते’. हे शब्द नीट पाहिले असता असे आढळते, की त्यांपैकी बहुतेक एका क्षणाचे वा घटनेचे निदर्शक आहेत, दीर्घ कालखंडाचे नव्हेत. पांढरपेशा घरांत मुलाची मुंज आठव्या वर्षाच्या सुमारास होई आणि मुलीचे लग्न ऋतुप्राप्तीपूर्वीच उरके. पुढे न्हाण आल्यावर तिला मखरात बसवून कोडकौतुक करीत व ऋतुशांतीनंतर ती सासरी नांदू लागे. शेतकरी घरांत असा सोहळा बेताचा असे. मुलगा आधी गुरांमागे जाई, मग राब भाजणे, आवण काढणे ही कामे करी आणि औत धरू लागला म्हणजे कर्ता समजला जाई. मुलगी धाकटे भावंड कडेवर घेऊन पाणी, सरपण व चूल सांभाळी. वय वर्षांत मोजण्याची गरज फारशी पडत नसे. ते कामावरून ठरे.

वर्षांचा हिशेब शाळेने आणला. जन्माची नोंद नसलेल्या मुलाचे नाव पटावर घालताना शिक्षक अंदाजाने साल धरीत व तारीख बहुधा १ जून लिहीत. कारण त्या सुमारास शाळेचे वर्ष सुरू होई. महाराष्ट्रातील असंख्य लोकांचा वाढदिवस अशा रीतीने १ जूनला येतो, याबद्दल विनोद केला जातो. डोंगरवाड्यांच्या बाबतीत मात्र ही अंदाजाची तारीख पुढे कायद्याच्या दृष्टीने निर्णायक ठरू लागली. त्याचा विचार पुढे केला आहे.

विवाहवयाचा वाद : कुमारावस्थेस कायद्याने अवकाश मिळवून देण्याचा पहिला मोठा प्रयत्न मुंबई इलाख्यात झाला. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविरुद्ध टिपणे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंविरुद्ध सहवासाच्या हक्कासाठी दावा लावला. रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी झाला होता. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. परंतु तो अपिलात फिरला व १८८७ मध्ये नांदावयास जावे, अन्यथा तुरुंगवास भोगावा असा हुकूम झाला. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली. रखमाबाई पुढे इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन परतल्या. बंगालमधील फुलमणी या अल्पवयीन विवाहितेच्या १८९० मधील मृत्यूनंतर संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये संमत झाला व संमतीचे वय दहावरून बारावर नेण्यात आले. गर्भाधानसंस्काराच्या मुद्यावर लोकमान्य टिळकांनी त्यास विरोध केला, तर डॉ. रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राच्याच आधारे त्याचे समर्थन केले. सुश्रुतसंहितेत सोळा वर्षांखालील मातेच्या गर्भास अपाय संभवतो, असे स्पष्ट प्रतिपादन आहे. या वादात त्याचाही आधार घेण्यात आला.

पुढे १९२९ च्या सारडा कायद्याने मुलींसाठी १४ व मुलांसाठी १८ ही विवाहाची किमान वये ठरविली. मुलींचे वय १९४९ मध्ये १५ करण्यात आले. १९७८ मध्ये १८ व २१ ही वये निश्चित झाली व २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक अधिनियमाने अंमलबजावणी अधिक कडक केली. महाराष्ट्रात ग्रामसेवकाकडे गावपातळीवरील प्रतिबंधक अधिकाऱ्याचे काम सोपविण्यात आले. पुण्या-मुंबईतील सभागृहे व वृत्तपत्रे दणाणून सोडणाऱ्या १८९१ च्या वादाचा प्रतिध्वनी भोर घाटाखालच्या वाड्यांत उमटल्याचे दिसत नाही. ज्यांच्या मुलींविषयी कोणी ग्रंथाधार शोधला नाही, त्या समाजांचा विवाहविचार मुळातच निराळा होता.

ठाकर व कातकरी : आ. ना. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील ग्रंथ १९३४ मध्ये व ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरील ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. या भागातील आदिवासींचे जीवन समजून घेण्यास हे दोन्ही ग्रंथ अद्याप उपयुक्त आहेत. दोन्ही जमातींत हुंड्याऐवजी देज देण्याची चाल होती. तरुण-तरुणींच्या पसंतीला बराच वाव असे. कातकऱ्यांत जोडप्याने आधी एकत्र राहावयाचे व पैसा जमेल तेव्हा लग्न लावावयाचे, ही रीत रूढ होती. कधीकधी आईबापांचे लग्न लागते त्या मांडवात त्यांचीच मुले खेळत असत. ‘विवाहाची तारीख’ ही कायद्याने महत्त्वाची मानलेली घटना येथे सहजीवनाच्या प्रारंभाशी जुळत नाही, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

लवकर संसार थाटण्याची ही रीत निव्वळ प्राचीन परंपरा म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. तो अपुरा वाटतो. कातकऱ्यांचे नाव ज्यावरून पडले तो खैरापासून कात काढण्याचा व्यवसाय १८७८ च्या वन अधिनियमानंतर आलेल्या निर्बंधांमुळे मोडला. जमीन बहुतेकांकडे नव्हतीच. मग कोळशाच्या भट्ट्या व त्यानंतर वीटभट्ट्या हा उपजीविकेचा मुख्य आधार बनला. पावसाळ्यात घरात धान्य संपले, की भट्टीमालकाकडून वा मुकादमाकडून उचल घ्यावयाची, दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन भट्टीवर जावयाचे आणि पावसाच्या तोंडावर परतावयाचे, असे चक्र रूढ झाले. माती कालवणे, थापणे व विटा वाहणे ही कामे एकट्याची नव्हेत. त्यामुळे उचल देताना बहुधा जोडप्याचा हिशेब धरला जातो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या नावाने उचल मिळावयाची असेल, तर त्याला जोडीदारीण असावी लागते. कुमारावस्था लवकर संपविण्यात जमातीच्या चालीइतकाच या मजुरीपद्धतीचाही हात आहे. वेठबिगार पद्धती १९७६ च्या अधिनियमाने रद्द झाली. उचल मात्र टिकून राहिली. कातकरी जमातीचा समावेश महाराष्ट्रातील विशेष दुर्बल आदिवासी गटांत कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर करण्यात आला आहे.

शाळा आणि स्वातंत्र्यलढा : खेड्यांतील प्राथमिक शाळा दीर्घकाळ चौथीपर्यंत, क्वचित सातवीपर्यंत असत. सातवीची ‘फायनल’ उत्तीर्ण झालेला मुलगा प्राथमिक शिक्षक होऊ शके आणि त्याचे शिक्षण पूर्ण झाले, असेच मानले जाई. या स्थितीत माथेरान येथे १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेल्या विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी वकिलीची परीक्षा दिल्यानंतर आसपासच्या खेड्यांत शाळा काढल्या व सावकारी पाशातून शेतकऱ्यांना सोडविण्यासाठी धान्यकोठ्यांची योजना राबविली. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याचे धाडसी कार्यक्रम पार पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल व मानिवली येथील हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. कोतवालांचे वय तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. नेरळजवळील कोतवालवाडी हे नाव त्यांच्याच स्मरणार्थ आहे. साहसाची ओढ, समवयस्कांवरील निष्ठा व अन्यायाची चीड हे गुण मानसशास्त्र तरुण वयाशी जोडते. एरवी ज्यांना ‘बेफिकिरी’ म्हणून दूषण दिले जाते, त्या गुणांना उद्दिष्ट मिळाले म्हणजे काय घडते, याचे हा दस्ता एक ठळक उदाहरण आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात माध्यमिक शाळा निघाल्या. १ मे १९६२ पासून प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदेकडे आले. दहावीच्या नव्या आकृतिबंधाची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये व बारावीची १९७७ मध्ये झाली. वरवर पाहता हा अभ्यासक्रमाचा बदल होता. परंतु त्यामुळे तेरा ते अठरा हा एक सलग शालेय टप्पा घरोघरी ओळखीचा झाला. ‘दहावीचे वर्ष’ ही चिंता पालकांच्या कोशात आली. पाठ्यपुस्तक मंडळाने १४ नोव्हेंबर १९७१ रोजी सुरू केलेल्या मासिकाचे नावच ‘किशोर’ होते. कर्जत, नेरळ व खोपोली येथील मुले-मुली लोकलगाडीने कल्याण-डोंबिवलीच्या महाविद्यालयांत जाऊ लागली व नंतर स्थानिक महाविद्यालये निघाली. गाडीचा डबा हे त्यांचे मैत्री जमविण्याचे, वाद घालण्याचे व घरच्या नजरेबाहेर येण्याचे पहिले ठिकाण ठरले. या मुलांची कुमारावस्था लांबली. नोकरी लागेपर्यंत, म्हणजे कित्येकदा पंचविशीपर्यंत ती चालते. सूझन सॉयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये या अवस्थेची मर्यादा चोवीस वर्षांपर्यंत धरावी, असे सुचविले ते अशाच बदलांमुळे.

आश्रमशाळा : डोंगरवाड्यांतील मुलांना शालेय वर्षे मिळाली ती प्रामुख्याने आश्रमशाळांमुळे. ठक्कर बाप्पा यांनी १९२२ मध्ये दाहोद येथे भिल्ल सेवा मंडळाची स्थापना केली. तेथून आदिवासी मुलांसाठी निवासी शिक्षणाची कल्पना पश्चिम भारतात रुजली. महाराष्ट्रात १९७० नंतर शासकीय आश्रमशाळांचा मोठा विस्तार झाला. कर्जत–खालापूर भागातील शासकीय व अनुदानित आश्रमशाळा पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यक्षेत्रात येतात.

आश्रमशाळेचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी एकाच वेळी मान्य कराव्या लागतात. पहिली अशी, की आईबाप भट्टीवर असताना मुलाला दोन वेळचे जेवण, छप्पर व वही-पुस्तक देणारी दुसरी व्यवस्था येथे नाही. सातवी-आठवीपर्यंत वसतिगृहात राहिलेली मुलगी सहसा त्या वयात संसारात पडत नाही. दुसरी गोष्ट अशी, की सहाव्या-सातव्या वर्षी घर सुटलेले मूल वयात येते ते अनोळखी प्रौढांच्या देखरेखीखाली. ऋतुप्राप्तीच्या वेळी जवळ आई वा आजी नसते. अधीक्षिकेचे पद रिकामे असेल, तर वडीलधारी मोठी मुलगी म्हणजे नववीतली मैत्रीण. घरची बोली वर्गात चालत नाही आणि शाळेची प्रमाण मराठी घरी परकी वाटते. सणाला घरी गेलेली मुले परत येत नाहीत, तेव्हा नोंदवहीत ‘पळून गेला’ असा शेरा पडतो. भातलावणीला बाप एकटा पडला होता, हे कारण त्या रकान्यात मावत नाही. आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या डॉ. सुभाष साळुंखे समितीने २०१६ मध्ये राज्यपालांना अहवाल सादर केला. आरोग्यतपासणी, स्वच्छता, मुलींची सुरक्षितता आणि आजारी मुलांना वेळेवर रुग्णालयात पोचविणे हे प्रश्न त्यामुळे राज्यभर चर्चेत आले.

इरशाळवाडी : १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळगडाच्या उतारावरील इरशाळवाडी ही ठाकरवाडी दरड कोसळून गाडली गेली. वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नव्हता. भर पावसात बचावपथके पायी चढून गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न जण बेपत्ता राहिले व २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले. कुमारवयीनांच्या संदर्भात या दुर्घटनेची दोन अंगे नमूद करण्याजोगी आहेत. वाडीतील काही पोरे त्या रात्री शाळेच्या खोलीत मोबाइलवर वेळ घालवीत जागी होती. त्यांच्यामुळे इतरांना सावध करता आले, असे तेव्हाच्या वृत्तांत आले होते. दुसरे अंग असे, की आश्रमशाळेत शिकावयास गेलेली मुले वाचली. त्यांपैकी काहींचे सारे घर मात्र गेले.

आपण दूर होतो म्हणून वाचलो, ही जाणीव कोणत्याही वयात जड असते. तेराव्या-चौदाव्या वर्षी ती विशेष जड असते. कारण मृत्यू अटळ व कायमचा आहे, हे या वयातील मुलाला प्रौढाइतकेच कळते, परंतु दुःख बोलून दाखविण्याची सवय व भाषा त्याच्याजवळ नसते. ते चिडचिडीतून, अभ्यासातील घसरणीतून, अकारण पोटदुखीतून किंवा अति समंजसपणातून व्यक्त होते. यांपैकी शेवटचे लक्षण सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटते. आपत्तीनंतर पहिल्या आठवड्यात समुपदेशकांची व भेट देणाऱ्यांची गर्दी होते. शोक मात्र त्यानंतरच्या वर्षांत, पहिल्या होळीला, दहावीच्या निकालाच्या दिवशी, स्वतःच्या लग्नात पुन्हा उभा राहतो. अशा मुलाला नित्याची दिनचर्या, मागे उरलेल्या नातलगांचा सहवास आणि वर्षानुवर्षे तेच राहणारे एखादे जबाबदार माणूस यांची सर्वाधिक गरज असते, यावर या विषयाच्या अभ्यासकांत मतैक्य आहे. वाचलेल्या कुटुंबांना प्रथम चौक येथे तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवण्यात आले व पुढे नानिवली येथे सिडकोने त्यांच्यासाठी घरे बांधली.

आरोग्य व आधार : कुमारवयीनांचे आरोग्य हा स्वतंत्र विषय म्हणून शासकीय धोरणात उशिरा आला. पाच वर्षांखालील बालके व गर्भवती माता यांच्यासाठी योजना होत्या. मधला वयोगट निरोगीच असतो, असे गृहीत धरले जाई. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७–५३) या मासिकातून लैंगिक शिक्षणाचा पुरस्कार करून खटले व निंदा ओढवून घेतली होती. त्यानंतरही अनेक वर्षे शाळांनी तो विषय टाळलाच. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमास ७ जानेवारी २०१४ रोजी प्रारंभ झाला. पोषण, लैंगिक व प्रजननविषयक आरोग्य, मानसिक आरोग्य, इजा व हिंसा, व्यसने आणि असंसर्गजन्य रोग हे त्याचे विषय आहेत. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांतील किशोरवयीनांच्या सल्ला केंद्रांना ‘मैत्री’ हे नाव देण्यात आले. शाळांतून लोह व फॉलिक अम्ल यांच्या साप्ताहिक गोळ्या दिल्या जातात.

गोळ्यांची गरज किती आहे, हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून (२०१९–२१) कळते. भारतातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९·१ टक्के रक्तक्षयी होत्या. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षापूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण भारतात २३·३ व महाराष्ट्रात २१·९ टक्के होते. रक्तक्षयी मुलीचे लवकर मातृत्व, त्यातून कमी वजनाचे मूल व त्या मुलाची खुरटलेली वाढ ही साखळी डोंगरवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शाळेत गोळी मिळते खरी. पण शाळा सुटलेल्या व भट्टीवर गेलेल्या मुलीपर्यंत ती पोचणे अवघड असते आणि नेमक्या तिलाच तिची सर्वाधिक गरज असते.

मानसिक आरोग्याची स्थिती याहून अवघड आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५–१६) १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७·३ टक्के आढळले. कर्जत येथे डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे केंद्र २००६ पासून आहे. वाटवानी यांना २०१८ मध्ये मागसायसाय पुरस्कार मिळाला. तथापि त्या संस्थेचे कार्य रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठी आहे. शाळकरी मुलाच्या उदासीनतेची दखल प्रथम घ्यावयाची ती शिक्षकाने वा आईने. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही १४४१६ या क्रमांकाची दूरध्वनिसेवा उपलब्ध आहे. स्वयंसेवी प्रयत्नांपैकी लाइट ऑफ लाइफ ट्रस्टचा ‘आनंदो’ हा उपक्रम उल्लेखनीय आहे. माध्यमिक शाळेतून गळू पाहणाऱ्या ग्रामीण मुलामुलींना अभ्यासाबरोबरच जीवनकौशल्ये व मार्गदर्शन देण्याचे हे कार्य कर्जत तालुक्यातच सुरू झाले.

कायदा व रूढी यांतील तिढा : लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम (पॉक्सो) अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानतो व त्याच्या संमतीला कायदेशीर मूल्य देत नाही. अत्याचारास बळी पडलेल्या मुलामुलींना या कायद्याने मोठे संरक्षण दिले, यात शंका नाही. आश्रमशाळांच्या बाबतीत तर तो अत्यावश्यकच होता. परंतु ज्या वाडीत सतरा वर्षांची मुलगी व एकोणीस वर्षांचा मुलगा दोन्ही घरांच्या संमतीने एकत्र राहू लागतात, तेथे त्याच कायद्याने तो मुलगा गंभीर गुन्ह्याचा आरोपी ठरतो. गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे रुग्णालयावरही बंधनकारक आहे. त्यामुळे गरोदर अल्पवयीन मुलीला तपासणीसाठी आणावयाचे, की घरीच ठेवावयाचे, असा पेच कुटुंबापुढे पडतो. ज्या मातेच्या जिवाला सर्वाधिक धोका, तीच वैद्यकीय मदतीपासून दूर राहण्याचा संभव यातून निर्माण होतो. वयाचा पुरावा म्हणून बाल न्याय अधिनियमाप्रमाणे प्रथम शाळेचा दाखला किंवा शालान्त प्रमाणपत्र पाहिले जाते. कोणा शिक्षकाने घाईत लिहिलेली १ जून ही तारीख अशा वेळी एखाद्या तरुणाचा तुरुंगवास ठरवू शकते.

विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मधील २८३ व्या अहवालात संमतीचे वय अठराहून खाली आणू नये, मात्र १६ ते १८ वयाच्या बाबतीत शिक्षा ठरविताना न्यायालयास काही विवेकाधिकार असावा, अशी शिफारस केली. पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दोषसिद्धी कायम केली. परंतु मे २०२५ मध्ये, त्या मुलीची एकंदर परिस्थिती व व्यवस्थेकडून तिची झालेली उपेक्षा विचारात घेऊन, असाधारण अधिकारात आरोपीस शिक्षेतून सूट दिली. प्रत्येक वाडीतील प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचणार नाही, हे उघड आहे. वय उतरविल्यास मुलींचे शोषण वाढेल ही भीतीही निराधार नाही. ठाकर-कातकरी मुलींच्या बाबतीत सहजीवनाचे वय केवळ धाकाने वाढेल असे वाटत नाही. दहावीनंतर काय, या प्रश्नाला वाडीच्या आसपास उत्तर मिळू लागले, तर ते आपोआप पुढे सरकेल. सपाटीवरील कुणबी-आगरी मुलींचे विवाहवय वाढले ते बव्हंशी असेच, शिक्षणाच्या व नोकरीच्या ओढीने.

शिक्षणहक्क अधिनियम (२००९) चौदा वर्षांपर्यंतच लागू आहे. बालकामगार अधिनियमात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने १४ ते १८ वयाच्या व्यक्तीस ‘किशोर’ ही कायदेशीर संज्ञा दिली व धोकादायक ठरविलेल्या व्यवसायांपुरतीच त्यांच्या कामास बंदी केली. म्हणजे शाळेची हमी चौदाव्या वर्षी संपते, विवाहाची मुभा मुलीस अठराव्या व मुलास एकविसाव्या वर्षी मिळते आणि मधल्या वर्षांत काय करावे हे परिस्थितीवर सोपविलेले असते. सपाटीवरील मुलांसाठी ती वर्षे महाविद्यालयाने व शिकवणीवर्गांनी भरून काढली. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाल्यानंतर जमिनींचे भाव चढले, शेतघरे व विश्रामगृहे उभी राहिली. ज्यांच्या जमिनी विकल्या गेल्या त्यांची मुले तेथेच पहारेकरी, माळी वा वाढपी म्हणून लागली. डोंगरवाडीतील मुलासमोर भट्टीचाच मार्ग राहिला.

स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना गावीच ठेवता यावे यासाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना आखली आहे. ती चालते तेथे मुले शाळेत टिकतात. परंतु लहान मुलांना सांभाळण्यासाठी मोठी बहीण भट्टीवर लागतेच, आणि ही मोठी बहीण बहुधा बारा ते पंधरा वर्षांची असते. दिवाळीची सुटी संपून शाळेचे दुसरे सत्र सुरू होते, त्याच पंधरवड्यात भट्ट्यांवरचे ट्रक वाड्यांच्या पायथ्याशी येऊन उभे राहतात.